घुबडाच्या पायातली चिठ्ठी

2013 चा मार्च महिना. ओमानच्या हजर पर्वतरांगेतल्या एका खोल दरीत मॅग्नस रॉब रात्री मायक्रोफोन लावून बसला होता. पक्ष्यांचे आवाज मुद्रित करणं हे त्याचं काम. शिक्षण संगीताचं, आणि तेव्हा हाती घेतलेला विषय घुबडांच्या आवाजांचा. त्याला हवा होता पॅलिड स्कॉप्स आउलचा आवाज. हे आपल्या पिंगळ्याएवढं, डोक्यावर पिसांचे कान असलेलं छोटं घुबड. पण हेडफोनमध्ये भलताच आवाज आला. लांबच्या कड्यावरून येणारा, खर्जातला, थांबून थांबून केलेला घुत्कार. उघड्या कानांना तो जेमतेम लागला असता.

अरबस्तानच्या डोंगरांत रात्री बोलणारी घुबडं मोजकीच आहेत आणि त्यातल्या कोणाचाच हा आवाज नव्हता. घुत्काराची घडण वनघुबडांच्या कुळातली वाटत होती. शास्त्रीय नावात ज्यांना स्ट्रिक्स म्हणतात ती ही वनघुबडं. आपल्याकडे आमरायांत आणि जुन्या वडांवर राहणारं वनघुबड त्यातलंच. अरबस्तानात या कुळातलं एकच घुबड ठाऊक होतं: ह्यूमचं घुबड, स्ट्रिक्स बटलेरी. त्याचा आवाज पक्षिअभ्यासकांच्या चांगल्या परिचयाचा होता. कड्यावरून येत होता तो आवाज त्याच्याशी जुळत नव्हता.

पक्षी दिसलेला नाही, नुसता ऐकू आला आहे, एवढ्यावर किती विसंबायचं? घुबडांच्या बाबतीत बरंच विसंबता येतं. बुलबुल, दयाळ यांसारखे गाणारे पक्षी आपलं गाणं मोठ्यांकडून ऐकून शिकतात, त्यामुळे मुलुखागणिक त्यात फरक पडतो. घुबड घुत्कार शिकत नाही, तो जन्मजात असतो. पिल्लू एकटं वाढलं तरी मोठं झाल्यावर आपल्याच जातीचा आवाज काढतं. म्हणून घुबडाच्या घुत्काराची लय बदललेली दिसली, की शोधणाऱ्याचे कान टवकारतात. रॉबचे तसे टवकारले.

हजर पर्वताची थोडी ओळख करून द्यायला हवी. अरबी द्वीपकल्पाच्या पूर्व टोकाला, समुद्राला समांतर अशी ही रांग सुमारे 700 किलोमीटर पसरली आहे. जबल शम्स हे तिचं सर्वांत उंच शिखर 3,000 मीटरच्या आसपास आहे. कळसूबाईची उंची 1,646 मीटर, यावरून अंदाज यावा. रांगेचा मोठा भाग चुनखडीचा आहे, आणि त्याला लागून मैलोन् मैल असा काळपट खडक उघडा पडला आहे, जो एकेकाळी महासागराच्या तळाखाली होता. भूखंडांच्या रेट्याने तो जमिनीवर चढला. समुद्रतळाखालचा खडक कोरड्या पायांनी चालत पाहता येईल अशा जागा जगात थोड्या आहेत, म्हणून भूशास्त्रज्ञ इथे वारी करतात.

पाऊस नावापुरता. पण जेव्हा पडतो तेव्हा वाडी, म्हणजे तिथल्या कोरड्या नद्यांच्या दऱ्या, तासाभरात लोंढ्याने भरतात. तळाशी सिद्र वाढतं, ते आपल्या बोरीच्या जातीचं झाड. कड्याच्या कपारीत शेवग्याचं एक रानटी भावंड दिसतं. बाभळीच्या जातीची झाडं उतारांवर, आणि अगदी वर, थंडीत जिथे पाणी गोठतं तिथे, जुनिपरची जुनी वाकडी झाडं. फलज नावाच्या चरांमधून झऱ्याचं पाणी गावात आणून माणसं खजूर आणि डाळिंब पिकवतात. बाकी सगळा उघडा खडक, आणि त्यात सरळ तुटलेले शेकडो मीटरचे कडे. या कड्यांवर कोण राहतं याची नोंद ठेवायची, तर दिवसा डोळे आणि रात्री कान एवढंच भांडवल.

रॉब आणि त्याचा डच सहकारी आर्नो व्हान डेन बर्ग हे त्या वर्षी पुन्हा पुन्हा हजरमध्ये गेले. काम चिकाटीचं होतं. घुबड कड्याच्या मधल्या टप्प्यावर बोलतं. खालून दिवा मारला तर काहीच दिसत नाही, आणि वर चढायला वाट नाही. अखेर छायाचित्रं मिळाली. चेहरा राखाडी, दोन छटांचा: डोळ्यांच्या वर आणि भोवती गडद, खाली फिकट. डोळे नारिंगीकडे झुकणारे पिवळे. पाठ काळपट करडी, पाय लांब. ह्यूमचं घुबड म्हणून ज्याची छायाचित्रं पुस्तकांत छापली जात होती ते वाळूच्या रंगाचं, उजळ चेहऱ्याचं होतं. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली तर नवख्यालाही फरक दिसावा.

ऑक्टोबर 2013 मध्ये ‘डच बर्डिंग’ या नियतकालिकात रॉब, व्हान डेन बर्ग आणि मार्क कॉन्स्टंटाइन यांचा निबंध आला. नव्या घुबडाचं नाव स्ट्रिक्स ओमानेन्सिस, म्हणजे ओमानचं वनघुबड. त्यासाठी त्यांनी एकही पक्षी मारला नाही. आवाजांचं मुद्रण आणि छायाचित्रं, एवढ्याच पुराव्यावर जात जाहीर केली. ही गोष्ट सगळ्यांना रुचली नाही. प्राणिशास्त्राची जुनी शिस्त अशी, की नवी जात सांगायची तर तिचा एक नमुना संग्रहालयात हवा. उद्या कोणाला शंका आली तर त्याने जाऊन तपासावं. पण ज्या घुबडाची संख्या कोणालाच ठाऊक नाही, ते केवळ नाव देण्यासाठी गोळी घालून पाडायचं, हे मलाही पटत नाही. त्यांनी केलं ते योग्यच केलं. अर्थात पुराव्याची अडचण मागे राहिली, आणि पुढे तिनेच या कथेला वळण दिलं.

ते वळण समजायला 1878 सालात जावं लागतं.

त्या वर्षी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्या हाती एक मेलेलं घुबड आलं. ह्यूम आपल्याला ठाऊक आहेत ते काँग्रेसचे संस्थापक म्हणून. पण सरकारी चाकरीत असताना त्यांचा जीव गुंतला होता पक्ष्यांत. देशभरचे कलेक्टर, सैनिक, तारखात्यातले आणि वनखात्यातले लोक यांच्याकडून ते पक्ष्यांची कातडी आणि टिपणं मागवत, आणि ‘स्ट्रे फेदर्स’ नावाच्या स्वतःच्या नियतकालिकात छापत. या जाळ्यातला एक बिनीचा माणूस म्हणजे 83 व्या पलटणीचा कॅप्टन एडवर्ड आर्थर बटलर. दख्खन आणि दक्षिण मराठा मुलुखातल्या पक्ष्यांची जी जुनी यादी आपल्याकडचे अभ्यासक आजही उघडतात, ती 1881 मध्ये याच बटलरने ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये छापली.

बटलरला हे घुबड नॅश नावाच्या गृहस्थांकडून मिळालं होतं. जागा ओरमारा. कराचीच्या पश्चिमेला, मकरानच्या उजाड किनाऱ्यावर, हातोडीच्या आकाराचं एक भूशिर समुद्रात शिरलेलं आहे, त्याच्या मानेवर वसलेलं हे बंदर. मागे कोरडे डोंगर, पुढे अरबी समुद्र. समुद्रापलीकडे सहाशेहून थोडे अधिक किलोमीटरवर मस्कत आणि हजर पर्वत.

ह्यूम यांनी या घुबडाला बटलरचं नाव दिलं: एसिओ बटलेरी. एसिओ हे कान असलेल्या घुबडांचं कूळ, त्यामुळे कूळ चुकलंच होतं, ते नंतर सुधारलं. पण ‘स्ट्रे फेदर्स’च्या सातव्या खंडातला तो मथळा बघण्यासारखा आहे. ‘नवी जात’ असं लिहून ह्यूम यांनी पुढे प्रश्नचिन्ह टाकलं. हातात नमुना एक, तोही दुसऱ्याने दिलेला. जिवंत पक्षी त्यांनी पाहिला नव्हता, बटलरनेही नाही. प्रश्नचिन्ह हा त्यांचा प्रामाणिकपणा होता.

त्या घुबडाचा पुढचा प्रवास हा भाग्याचा भाग. ह्यूम यांनी पंचवीस वर्षं जमवलेली पक्ष्यांवरची हस्तलिखितं त्यांच्या सिमल्याच्या घरातून एका नोकराने रद्दीत विकली.  त्या धक्क्याने ते पक्षिशास्त्रातून जवळजवळ उठले, आणि सगळा संग्रह त्यांनी ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. कातडी आणि अंडी मिळून सुमारे 82,000 नमुने. ते ताब्यात घ्यायला रिचर्ड बाउडलर शार्प 1885 मध्ये लंडनहून सिमल्याला आले. देवदाराच्या 47 पेट्या तिथेच बनवून घेतल्या. नमुन्यांना इजा होऊ नये म्हणून त्यांत खिळे वापरले नाहीत. एकेक पेटी अर्ध्या टनाची. डोंगर उतरून बैलगाड्यांनी कालक्याला, आणि तिथून मुंबई बंदरात. ओरमाऱ्याचं घुबडही या पेट्यांबरोबर विलायतेला गेलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ह्यूम मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरवत होते.

संग्रहालयात पक्ष्याचं कातडं कसं असतं ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आतलं मांस काढून कापूस भरलेला, डोळ्यांच्या जागी पांढरा कापूस दिसणारा, पंख मिटलेला पक्षी ट्रेमध्ये उताणा झोपवलेला असतो. पायांना दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. तिच्यावर कोणी, कुठे, केव्हा मिळवला ते शाईने लिहिलेलं. चिठ्ठी गेली तर उरतं ते नुसतं भुसा भरलेलं पाखरू, शास्त्राच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी. चिठ्ठी शाबूत असेल तर तो नमुना दोनशे वर्षांनीही साक्ष देऊ शकतो.

ह्यूम यांच्या घुबडानंतर थोड्याच काळात सिनाईच्या डोंगरातून एक फिकट वनघुबड मिळालं. ते त्याच जातीचं मानलं गेलं. मग जुदियाचं वाळवंट, नेगेव, जॉर्डन, सौदी अरेबिया, येमेन अशी भर पडत गेली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इस्रायली अभ्यासकांनी त्याची घरटी शोधली, खाणं तपासलं, आवाज मुद्रित केले. ह्यूमच्या घुबडाबद्दल पुस्तकांत जे जे छापलं गेलं ते जवळपास सगळं या पश्चिमेकडच्या पक्ष्यांवरून. नकाशात मात्र पूर्वेला, बाकी सगळ्यांपासून दूर, मकरानच्या किनाऱ्यावर ओरमाऱ्याचा एक ठिपका एकटाच राहिला. जातीचं नाव त्या ठिपक्याचं आणि माहिती दुसऱ्याच मुलुखाची, ही विसंगती सव्वाशे वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती.

इथे मला समुद्रापलीकडच्या एका मराठी माणसाची गाठ घालून द्यायची आहे, कारण त्यांच्यावाचून हजर पर्वताची कोणतीही शोधकथा अपुरी आहे. डॉ. आत्माराम सदाशिव जयकर, मुंबईचे, इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले. ज्या दशकात ओरमाऱ्याचं घुबड ह्यूमकडे पोचलं त्याच दशकात जयकर मस्कतमधल्या ब्रिटिश एजन्सीचे सर्जन झाले आणि 1900 पर्यंत तिथेच राहिले. मस्कत म्हणजे काळ्या खडकांच्या कोंडाळ्यातलं बंदर. उन्हाळ्याच्या रात्रीही खडक तापलेले. गोरे अधिकारी तिथली नेमणूक शिक्षा मानत. जयकरांनी मात्र मस्कतच्या हवापाण्यावर आणि रोगराईवर अहवाल लिहिला, ओमानी अरबी बोलीवर 1889 मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये निबंध लिहिला, तिथल्या म्हणी गोळा केल्या. दमीरी या चौदाव्या शतकातल्या इजिप्शियन पंडिताच्या ‘हयात अल हयवान’ या प्राणिकोशाचं त्यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर 1906 आणि 1908 मध्ये दोन खंडांत निघालं.

आणि दवाखाना सांभाळून त्यांनी लंडनला नमुने पाठवले. मासे इतके, की तिथल्या ब्रिटिश म्युझियममधल्या बूलेंजर यांनी जयकरांच्या मस्कतच्या माशांवर निबंधांमागून निबंध लिहिले. जयकरांचं नाव लाभलेला समुद्रघोडा आहे, हिप्पोकॅम्पस जयकरी. वाळूत दडणारा, डोक्याच्या अगदी माथ्यावर डोळे असलेला साप आहे, एरिक्स जयकरी. हजरच्या खडकांवर आणि पाण्याकाठी धावणारा मोठा सरडा आहे, ओमानोसॉरा जयकरी. तो हजर पर्वत सोडून जगात कुठेच नाही.

यांतलं सर्वांत मोठं जनावर 1894 सालचं. जयकरांकडून आलेल्या नमुन्यांवरून ओल्डफील्ड थॉमस यांनी लंडनमध्ये एका नव्या जातीचं वर्णन छापलं: हेमिट्रागस जयकरी, अरबी ताहर. नमुन्याची जागा हजर रांगेतला जबल ताव. ताहर म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या गोतातलं कडेचढू जनावर. हिमालयात एक, निलगिरीत एक, आणि तिसरं इतक्या दूर अरबस्तानात, हेच मुळात नवल. हे तिघांत सर्वांत लहान. तांबूस करड्या लांब केसांचं, नर-मादी दोघांनाही मागे वळलेली शिंगं. निलगिरीचे ताहर कळपांनी चरतात. हे एकेकटं किंवा दोन-तीनच्या टोळक्याने राहतं, कारण त्या उतारांवर जास्त तोंडांना पुरेल असा चारा नाही. उन्हाळ्यात त्याला दोन-तीन दिवसांआड पाणी प्यायला खाली उतरावंच लागतं, आणि शिकाऱ्यांनी त्याला गाठलं ते याच पाण्यावर. जयकरांनंतर कितीतरी दशकं बाहेरच्या फारच थोड्यांनी ते जिवंत पाहिलं. 1970 च्या दशकात त्याचा पहिला नीट अभ्यास झाला आणि वाडी सरीनमध्ये त्याच्यासाठी राखीव क्षेत्र झालं. आज ते संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. मोकाट शेळ्या त्याचा चारा खाऊन टाकतात, हे त्याच्यावरचं मोठं संकट.

ताहरचा उल्लेख नुसता आडवाटेने केलेला नाही. 2005 मध्ये फ्रेंच संशोधकांनी तिन्ही ताहरांचे डीएनए ताडून पाहिले आणि निष्कर्ष चक्रावून टाकणारा निघाला. हे तिघे एकमेकांचे सख्खे नाहीतच. निलगिरीचा ताहर मेंढ्यांना जवळचा. अरबी ताहर उत्तर आफ्रिकेच्या बार्बरी मेंढीला जवळचा. कड्यावरच्या जगण्याने त्यांना एकसारखी चण दिली होती, आणि सगळ्यांनी ते रूप पाहून नातं ठरवलं होतं. थॉमस यांनी दिलेलं कूळनाम बदललं आणि अरबिट्रागस झालं. पुढचा ‘जयकरी’ नियमाप्रमाणे तसाच राहिला. त्या डोंगरातल्या जनावरांना दिसण्यावरून ओळखू नये, हा इशारा इथेच मिळाला होता.

आता घुबडाकडे.

जानेवारी 2015 मध्ये ‘झूटॅक्सा’ या नियतकालिकात गाय कर्वन, मानुएल श्वाइट्सर आणि होसे लुईस कोपेते या तिघांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी केलेली गोष्ट साधी, पण सव्वाशे वर्षांत कोणी पुरतेपणी न केलेली. इंग्लंडमध्ये ट्रिंग इथे ठेवलेला ह्यूम यांचा मूळ नमुना त्यांनी बाहेर काढला आणि जगातल्या इतर संग्रहालयांत ह्यूमचं घुबड म्हणून ठेवलेल्या कातड्यांशी तो बारकाईने ताडला. रंग जुळेना, मापं जुळेनात. मग डीएनए. जुन्या कातड्यातून तो काढायची रीत अशी: पंजाच्या तळव्यावरच्या गादीतून तांदळाच्या कणीएवढा तुकडा कापायचा. तिथे वाळलेल्या पेशी टिकलेल्या असतात आणि नमुन्याचं रूपही बिघडत नाही. शतकभरात रेणू तुटून त्याचे बारीक तुकडे झालेले असतात, ते जुळवून वाचावे लागतात. वाचलं तेव्हा ओरमाऱ्याच्या घुबडात आणि पश्चिमेकडच्या घुबडांत तपासलेल्या जनुकात सुमारे 10 टक्के फरक निघाला. भावाभावांत असा फरक नसतो. ही दोन स्वतंत्र जातीची घुबडं होती.

नामकरणाचा नियम कडक आहे. नाव मूळ नमुन्याच्या मागे जातं. म्हणजे ‘बटलेरी’ हे नाव ओरमाऱ्याच्या त्या एकट्या कातड्याचं. आणि सिनाई, नेगेव, येमेनमधल्या ज्या घुबडावर पुस्तकं लिहिली गेली ते आता बिननावाचं. तिघांनी त्याला नवं नाव दिलं: स्ट्रिक्स हदोरामी, इस्रायली पक्षितज्ज्ञ हदोराम शिरिहाई यांच्या सन्मानार्थ. ज्याचा इतका अभ्यास झाला ते घुबड 2015 मध्ये ‘नवीन’ ठरलं, आणि खऱ्या ह्यूमच्या घुबडाची साक्ष म्हणून जगात एक कापूस भरलेलं कातडं तेवढं उरलं.

तेवढंच? समुद्रापलीकडे, हजरच्या कड्यांवर, ह्यूमच्या घुबडाशी न जुळणारं एक वनघुबड दोन वर्षांपूर्वीच सापडलं होतं. रॉब आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आपल्या घुबडाची तुलना पश्चिमेकडच्या पक्ष्यांशी केली होती. तेच जर खरे बटलेरी नव्हते, तर ओमानचं घुबड कोण? झूटॅक्साच्या लेखकांनीच ही शंका बोलून दाखवली. पण खात्री कशी करायची? ओमानेन्सिसचा नमुना कुठल्याच संग्रहालयात नव्हता.

2015 साल धावपळीत गेलं. ईशान्य इराणमध्ये, मस्कतपासून हजार किलोमीटरहून दूर, मशहद शहरात एक थकलेलं वनघुबड लोकांच्या हाती लागलं. त्याचा चेहरा ओमानच्या छायाचित्रांसारखा होता. मार्चमध्ये संयुक्त अरब अमिरातीत, फुजैराच्या वाडी वुरय्यात, तोच घुत्कार ऐकू आला. आणि ओमानमध्ये रॉबच्या गटाने एक घुबड जाळ्यात धरलं, मापं घेतली, रक्ताचा थेंब आणि पिसं घेऊन त्याला सोडून दिलं. पुराव्याच्या अडचणीवर उतारा निघाला होता: पक्षी जिवंत राहिला आणि पुरावाही हाती आला.

2016 मध्ये ‘एव्हियन रिसर्च’ या नियतकालिकात निकाल जाहीर झाला. ओमानच्या घुबडाचा डीएनए ट्रिंगमधल्या ओरमाऱ्याच्या नमुन्याशी जुळला. मशहदचं घुबडही त्याच जातीचं निघालं. 1878 मध्ये ह्यूम यांनी ज्याच्यापुढे प्रश्नचिन्ह टाकलं होतं, ज्याला त्यानंतर कोणी ओळखून पाहिलं नव्हतं, तेच घुबड हजरच्या कड्यावरून बोलत होतं. जुन्या नावाचा मान पहिला, म्हणून ‘ओमानेन्सिस’ हे नाव रद्द झालं आणि पक्षी पुन्हा स्ट्रिक्स बटलेरी झाला. इंग्रजीतलं ‘ओमानी आउल’ हे नाव मात्र रुळलं.

या सगळ्या हकिगतीत मला हा 2016 चा निबंध सर्वांत मोठा वाटतो. त्यावर पहिलं नाव मॅग्नस रॉबचं आहे. नवी जात शोधल्याचा मान पक्षिशास्त्रात क्वचित मिळतो. तो मिळाल्यावर तीन वर्षांच्या आत, स्वतःच पुरावा गोळा करून, त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आपण दिलेलं नाव आपल्या हाताने खोडलं. नवी जात गेली. त्या बदल्यात हरवलेली जात सापडली. हा सौदा शास्त्राच्या फायद्याचा झाला.

आणि हे शक्य झालं ते नॅश, बटलर, ह्यूम यांच्यातल्या प्रत्येकाने ‘ओरमारा’ हा शब्द इमानाने पुढे पोचवल्यामुळे. उलट काय होतं, ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. रानपिंगळा हेही ह्यूम यांनीच 1873 मध्ये नाव दिलेलं घुबड. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीनंतर ते कोणाला दिसेना. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश कर्नलने 1914 मध्ये गुजरातेत ते मिळवल्याचा नमुना दाखवला, आणि शोधणारे त्या पत्त्यावर वणवण फिरले. प्रत्यक्षात तो नमुना खानदेशात जेम्स डेव्हिडसनने मिळवलेला होता. कर्नलने तो संग्रहालयातून चोरून खोटी चिठ्ठी लावली होती. पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघड केली, खोटे पत्ते बाजूला सारले, खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावं धरली, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला, रानपिंगळा भर दिवसा झाडावर बसलेला सापडला. एका खोट्या चिठ्ठीने एका जातीची कितीतरी दशकं वाया घालवली.

मस्कत, सोहार, फुजैरा या भागांत आज हजारो मराठी कुटुंबं राहतात आणि सुट्टीच्या दिवशी वाड्यांमध्ये सहलीला जातात. त्यांना एक विनंती. मुक्काम असेल तर गाडीचे दिवे आणि गाणी बंद करून कड्याकडे थोडा वेळ कान लावा. खर्जातला घुत्कार आला तर मोबाइलवर तो मुद्रित करून घ्या. पण इंटरनेटवरचा आवाज वाजवून घुबडाला जवळ बोलावू नका. आपल्या हद्दीत परका नर शिरला असं समजून ते शिकार आणि घरटं सोडून धावत येतं, आणि इतक्या थोड्या संख्येच्या पक्ष्याला तो त्रास परवडत नाही. मुद्रणाबरोबर दरीचं नाव, तारीख आणि वेळ तिथेच लिहा, घरी येऊन आठवून नव्हे, आणि ती नोंद पक्षिअभ्यासकांकडे पाठवा.